बघ बाबा, पुढं तुझी मर्जी

शाळेच्या व्याकरणात आज्ञार्थाची व्याख्या पाठ करून घेतात. क्रियापदाच्या रूपावरून आज्ञा, विनंती, उपदेश, प्रार्थना किंवा आशीर्वाद यांचा बोध होत असेल, तर तो आज्ञार्थ. मुलं ती घोकतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. खरं तर त्या व्याख्येपाशी जरा थांबायला हवं. हवालदार, कर्ज मागायला आलेला मेव्हणा, आजोबा, देवळातला भक्त आणि आशीर्वाद देणारी आजी अशी पाच माणसं तिथं एकाच बाकावर खेटून बसवली आहेत. 'बस' म्हटलं की बसायचं. ते मास्तर म्हणाले, यजमान म्हणाले की हवालदार म्हणाला, हे त्या क्रियापदाला ठाऊक नसतं.

ऐकणाऱ्याला मात्र बरोबर ठाऊक असतं, कारण मराठीत सल्ल्याचा सगळा जीव शेपटीत असतो. 'कर', 'करा', 'कर ना', 'करून बघ', 'करावंस', 'केलंस तर बरं', 'करायला हरकत नाही'. कोल्हापूरकडे 'कर की', आणि नागपूरकडे 'करजो', म्हणजे आत्ताच नाही, सवडीनं, पण कर. काम एकच, शेपट्या डझनभर. प्रत्येक शेपटी सांगते, की बोलणारा कुठल्या पायरीवर उभा आहे आणि त्यानं ऐकणाऱ्याला कुठल्या पायरीवर उभं केलं आहे.

वरवर पाहता हिशेब सोपा वाटतो. रूप जितकं रोखठोक, तितका बोलणारा मोठा. 'कर' म्हणणारा साहेब, 'केलंत तर बरं होईल' म्हणणारा कारकून. मराठी घरात दुपारचं जेवण होऊन सगळे हॉलमध्ये आले, की हा हिशेब पार उलटा होतो.

डोंबिवलीतला एक हॉल घ्या. घरातल्या मुलानं बँकेतली नोकरी सोडून कॅफे काढायचं ठरवलं आहे आणि ही बातमी त्यानं श्रीखंड संपल्यावर, म्हणजे सगळे सुस्त असताना फोडली आहे. पहिला बोलतो त्याचा मित्र. तो जेवायलाच आलेला असतो आणि त्याच्या भाषेत विध्यर्थ नावाचा प्रकार नाही. "येडा झालायस का? गप नोकरी कर." निव्वळ आज्ञार्थ, आणि त्याचा परिणाम शून्य. मुलगा हसतो आणि त्याच्या पाठीत गुद्दा घालतो. नंतर मामा सरसावतात. "हे बघ, माझं ऐक. आधी पाच वर्षं पैसे साठव, मग काय ते कर." यातही चार आज्ञार्थ आहेत. मुलगा लगेच वाद घालतो. भाडं, कॉफीचं मशीन, स्टेशनजवळची जागा, सगळं मांडतो. मामाही आकडे काढतात. म्हणजे लढत बरोबरीची आहे. आत्याला आज्ञार्थाची गरजच पडत नाही. "माझ्या नणंदेच्या दिरानं असंच काढलं होतं हो हॉटेल," एवढं म्हणून ती गप्प बसते. त्या दिराचं पुढं काय झालं, हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

मोठे काका अजून बोललेले नसतात. ते बडीशेप चघळत असतात. ती संपते. मग ते म्हणतात, "बघ बाबा. तू आता मोठा आहेस. विचार करूनच ठरवलं असशील."

खलास. कॅफे उघडायच्या आधीच बंद पडला.

या वाक्यांत हुकूम कुठं आहे? 'बघ' आहे, पण त्याला कुणी हुकूम म्हणणार नाही. 'नको' नाही, 'करू नकोस' नाही. उलट स्वातंत्र्य दिलं आहे, वय मान्य केलं आहे, विचारशक्तीचं कौतुकही केलं आहे. सगळी मेख त्या 'असशील'मध्ये आहे. 'ठरवलं आहेस' म्हटलं असतं, तर ते विधान झालं असतं. 'ठरवलं असशील' हा तर्क आहे, आणि काकांनी तर्क केला म्हणजे शंका आली. मुलगा घाईघाईनं म्हणतो, "म्हणजे मला असं वाटतं, की मी जर मधल्या काळात माझं काम सांभाळून…" एका अर्ध्या वाक्यात त्यानं स्वतःचा तीनदा उल्लेख केलेला असतो. काकांच्या तीन वाक्यांत 'मी' एकदाही येत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 2011 साली सर्वनामांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. दोन माणसांच्या संभाषणात ज्याचा दर्जा कमी, तो 'मी' जास्त वापरतो, असं त्यांना आढळलं. पेनबेकर डोंबिवलीला आले नव्हते, तरी काकांना त्यांनी बरोबर ओळखलं.

मित्राचा 'गप नोकरी कर' फुकट का गेला, याचं उत्तरही मानसशास्त्रात आहे. जॅक ब्रेम यांनी 1966 साली मांडलं, की माणसाला आपलं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं, की तो नेमकं मना केलेलं करायला धावतो. आपल्याकडच्या आयांना हे 1966 च्या बऱ्याच आधीपासून माहीत आहे. "जा, भिज पावसात, मला काय करायचंय!" हे त्याशिवाय का म्हणतात?

काकांनी 'तू' म्हटलं आणि पुतण्या त्यांना 'तुम्ही' म्हणतो, हाही हिशेबातला भाग. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा 1960 चा निबंध या विषयावर पायाभूत मानतात. त्यांनी युरोपातल्या भाषांमधले 'तू' आणि 'तुम्ही' तपासले. एकानं 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'तुम्ही', तर तिथं सत्ता असते. दोघं एकमेकांना एकच म्हणत असतील, तर तिथं जवळीक असते किंवा दोघांनीही राखलेलं अंतर. मराठी घरात ही भानगड जरा जास्त रंगते. कित्येक घरांत आईला 'अगं आई, तू' आणि वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही' म्हणतात. म्हणून आईला 'औषध घे' असं थेट सांगता येतं, आणि वडिलांना तेच सांगायचं तर 'औषध घेतलंत का?' असा प्रश्न करावा लागतो. वडील म्हणतात, "घेईन." इथं सल्ला संपला.

जुन्या पत्रांत तर हा उतार मायन्यापासूनच सुरू होई. वडिलांकडून मुलाला लिहिताना 'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद', आणि मुलाकडून वडिलांना लिहिताना 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार'. आशीर्वादाचा हात वरून खाली येतो, त्यामुळे त्याच हातानं 'उधळपट्टी करू नये' हेही उतरवता येतं. पण आठही अंगं जमिनीला टेकवून झाल्यावर, त्याच अवस्थेत 'बाबा, तंबाखू सोडा' कसं लिहिणार? मुलं मग 'इकडील सर्व क्षेम' लिहून मोकळी होत.

नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या आणि त्याच्याकडून 'अगं' ऐकणाऱ्या पिढीतल्या बायकांनी या चढावर सल्ला चढवायच्या ज्या वाटा काढल्या, त्यांच्यावर खरं तर प्रबंध व्हायला हवा. "मी काय म्हणते," ही पहिली वाट. यानंतर जे येतं ते म्हणणं नसतं, निर्णय असतो. "बाबांना सांग, पाहुण्यांसमोर बनियनवर बसू नका म्हणावं," ही दुसरी. बाबा चार फुटांवर पेपर वाचत असतात. तिसरी वाट सगळ्यांत पक्की. सल्ला असा पेरायचा, की आठवडाभरानं नवऱ्याला तो स्वतःलाच सुचावा, आणि मग "बाई, किती छान सुचलं हो तुम्हाला" म्हणायचं. असल्या आडवळणी बोलण्याला पूर्वी भाषाशास्त्रातसुद्धा बायकी भाषा म्हणत. विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या कोर्टांमध्ये साक्षीदारांची बोली तपासली आणि 1980 साली लिहिलं, की 'मला आपलं वाटतं', 'बहुतेक', 'नाही का?' असली भाषा बायकांची म्हणून नसते, ती बिनवजनाच्या माणसांची असते. ज्याला समाजात वजन नाही किंवा कोर्टाची सवय नाही, तो पुरुषही तसाच बोलतो. हे पटण्यासारखं आहे. इन्कम टॅक्सची नोटीस आल्यावर मोठे काका सीएशी कसे बोलतात, ते एकदा ऐकावं.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. त्यांना मराठीनं 'आपण' नावाचं हत्यार दिलं आहे. 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक असा, की 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत आला. "आपण साखर जरा कमी करूया हं. सकाळी चालायला जाऊया." रुग्णाला क्षणभर वाटतं, डॉक्टरही उद्या सहा वाजता पर्वतीच्या पायथ्याशी भेटणार. प्रत्यक्षात साखर सोडायची रुग्णानं आणि 'आपण' म्हणायचं डॉक्टरांनी. बिल मात्र आपण दोघांचं नसतं. हेच 'आपण' आदरार्थी वापरलं, की गाडी उलट्या दिशेनं धावते. सोसायटीचे सेक्रेटरी पत्रात लिहितात, 'आपण आपली गाडी आपल्या जागेत लावावी', तेव्हा भांडण सुरू झालेलं असतं हे समजून घ्यावं. आणि 'मी आपलं सांगितलं' यातलं 'आपलं' कुणाचंच नसतं. ते फक्त सांगणाऱ्याची जबाबदारी झटकायला येतं.

पण हे सगळे प्रकार 'नये'पुढं लिंबूटिंबू. 'चालत्या गाडीतून उतरू नये', 'येथे थुंकू नये' या पाट्या कुणी लिहिल्या, कुणाला उद्देशून लिहिल्या, याचा पत्ता नसतो. 'थुंकू नका' म्हटलं, तर म्हणणारा कुणीतरी असतो आणि त्याच्याशी भांडता येतं. 'थुंकू नये' म्हणायला कुणीच नसतं. घरातही तेच. "रात्री नखं कापू नयेत." का? "कापू नयेत." कुणी सांगितलं? "सांगायला कशाला हवं? नये म्हणजे नये." दिवेलागणीला झोपू नये, तिघांनी मिळून कामाला जाऊ नये, उंबऱ्यावर बसून शिंकू नये. या हुकमांचा मालकच सापडत नसल्यामुळे ते रद्द कुणी करायचे, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला आहे. 'लोक काय म्हणतील'मधले लोकही याच गावचे.

समर्थ रामदासांनी या तंत्राचा कळस गाठला होता. मनाच्या श्लोकांत त्यांनी 205 श्लोक उपदेश केला, पण तो स्वतःच्या मनाला उद्देशून. वाचणाऱ्याला राग यायचं कारणच ठेवलं नाही. दासबोधात दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणं आहेत, तीही तृतीय पुरुषात. अमुक करतो तो मूर्ख, तमुक करतो तो मूर्ख. कुणाचं नाव नाही, म्हणून प्रत्येकाला शेजारी आठवतो. काही घरांत वडीलधारे हा समास पोरांना मोठ्यानं वाचून दाखवतात. स्वतःची स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाराही मूर्खांत धरला आहे, ती ओळ मात्र जरा भरभर वाचली जाते.

आता 'लेकी बोले सुने लागे'कडे यावं लागेल, कारण मराठी घरातल्या सल्ल्याचं खरं विद्यापीठ तेच. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन यांनी सभ्यतेच्या भाषेचा जो सिद्धान्त मांडला, त्यातला बराच मालमसाला कोइमतूरकडच्या तमिळ खेड्यातून आणि मेक्सिकोतल्या त्झेल्ताल बोलणाऱ्या गावातून आला होता. माणूस दुसऱ्याचा चेहरा सांभाळून कसा बोलतो, याच्या त्यांनी पायऱ्या लावल्या. सगळ्यांत आडवळणी पायरीवर बोलणारा असं काही बोलतो, की अंगाशी आलं तर 'मी असं कुठं म्हटलं?' म्हणून हात वर करता यावेत. मराठी सासूला हे समजावून सांगायची गरज नाही. "हल्लीच्या मुलींना पोळी लाटायचा कंटाळा येतो," हे ती स्वतःच्या मुलीला सांगते. मुलगी पुण्यात असते आणि फोन स्पीकरवर असतो.

याचा विलायती पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये पहिलटकरणीच्या घरी सरकारी आरोग्यसेविका भेट देते. जॉन हेरिटेज आणि सू सेफी यांनी अशा भेटींची ध्वनिमुद्रणं बारकाईनं ऐकली आणि 1992 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक प्रसंग असा: बाळ काहीतरी चोखत पडलं आहे. सेविका सहज म्हणते, की बाळ मजेत आहे. बाळाचा बाप म्हणतो, हो, आहे खरं. आई मात्र ताबडतोब सांगते, की त्याला भूक लागलेली नाही, आत्ताच दूध पाजलंय. सेविकेनं भुकेचं नावही काढलेलं नव्हतं! एकच वाक्य बापाच्या कानात गप्पा म्हणून पडलं आणि आईच्या कानात तपासणी म्हणून.

सोलापूरला किंवा सावंतवाडीला हे वाक्य "अंगठा चोखतंय वाटतं गं बाळ" असं येतं. 'वाटतं' आणि 'गं' या दोन बारक्या शब्दांत आख्खं आरोपपत्र मावतं. सून कढईखालचा गॅस बंद करून उत्तर देते, "आत्ताच घेतलंय हो त्यानं, आई." नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "क्यूट दिसतंय ना?" त्याला पुढचे दोन दिवस घरात काय बिनसलंय, ते कळत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सेविकांचा बहुतेक सल्ला आयांनी न मागताच दिलेला होता, आणि आयांचा ठरावीक प्रतिसाद म्हणजे आपलं 'हं'. होकार नाही, नकार नाही, 'असं का, हे माहीत नव्हतं' असं तर मुळीच नाही. महाराष्ट्रातल्या सुनांनी या 'हं'चे निदान पाच सूर बसवले आहेत. त्यांतला एकच संमतीचा. सुना दुसरंही एक करतात. "आई, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, पण डॉक्टर म्हणत होते…" 'म्हणत होते' हा उसना अधिकार. डॉक्टर तसं म्हणालेले असतातच असं नाही, पण सासूबाई डॉक्टरांना फोन लावून विचारणार नाहीत, हे नक्की असतं.

उसन्या अधिकाराचे आणखी दोन पुरवठादार म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी. म्हाताऱ्यांनी सुभाषित म्हटलं, की अर्थ न कळल्यामुळेच ते खोडता येत नाही. तरुणांनी "तू तुझा पोर्टफोलिओ डायव्हर्सिफाय केला पाहिजेस" म्हटलं, की त्याच कारणानं म्हातारे गप्प होतात. 'सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका' असं मराठीत सांगितलं असतं, तर "मी तीस वर्षं पोस्टात ठेवतोय, काय बिघडलं?" हा प्रश्न आलाच असता.

साधं, सरळ, आडपडदा न ठेवता सल्ला देणाऱ्यांचं आपण काय करतो, तेही बघण्यासारखं आहे. लोकहितवादींनी 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहिली, पण टोपणनावानं, आणि नावातच लोकांचं हित घातलं. 'एक हितचिंतक' अशी सही करून सोसायटीच्या फळ्यावर निनावी कागद लावणारे स्वतःला त्यांचे वारस समजत असावेत. लोकहितवादी सुधारणेबद्दल लिहीत, हे लोक तिसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल लिहितात, एवढाच फरक. र. धों. कर्वे यांनी मात्र आड घेतलीच नाही. 1927 साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते वाचकांच्या अत्यंत खासगी शंकांना नेमकी, शास्त्रीय उत्तरं देत. 'बाळ, तुझ्या भल्यासाठी सांगतो' नाही की 'नये' नाही. वाचक प्रौढ आहे असं धरून चालणारी ती भाषा होती. 1934 साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. तीच माहिती कुणी 'विवाहितांनी वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे' अशी गुंडाळून छापली असती, तर बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. अर्थात वाचकाच्या हातीही काही पडलं नसतं.

न मागता सल्ला देण्याची एवढी हौस कुठून येते, यावर मायकल शेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2018 चा अभ्यास आहे. सल्ला दिल्यावर देणाऱ्याला आपण वजनदार असल्यासारखं वाटतं आणि ज्यांना सत्तेची ओढ जास्त, ते सल्लाही जास्त देतात, असा त्यांचा निष्कर्ष. घेणाऱ्याचं काय होतं, हा वेगळा विषय. पण ही गोम नव्या पिढीला कुठला निबंध न वाचताच उमगलेली दिसते. पुण्यातली एक पुतणी मोठ्या काकांना फोन करते. "काका, तुमचा सल्ला घ्यायचा होता. गाडी घ्यावी म्हणतेय. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?" तिनं गाडी मागच्याच आठवड्यात बुक केलेली असते. रंग लाल, डाउन पेमेंट भरलेलं, घरी न्यायची तारीख दसऱ्याची. "तुम्हाला काय वाटतं, लाल बरी दिसेल का?" ती विचारते. काका खाकरतात. बराच वेळ विचार करतात. "लाल बघ," ते म्हणतात, "आणि नेताना दसऱ्याला ने, घाई करू नकोस." दोन आज्ञार्थ आणि एक निषेध, तेही खणखणीत. पुतणी म्हणते, "बरं झालं तुम्हाला विचारलं!" फोन ठेवून काका लगेच आत्याला फोन लावतात. "माझ्याशी बोलल्याशिवाय घेत नाही हो ती काही. पांढरी घेणार होती, मीच म्हटलं, लाल घे."